लहान पेट्रोल मोटारगाडीचे इंजिन ट्यूनिंग

इंजिन ट्यूनिंग म्हणजे मोटारगाडीच्या अंतर्ज्वलन इंजिनाच्या रचनेत, त्याच्या सुट्या भागांत किंवा त्याचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाच्या आज्ञावलीत बदल करून इंजिनाची शक्ती, टॉर्क, प्रतिसाद किंवा इंधनकार्यक्षमता वाढवण्याची प्रक्रिया होय. प्रस्तुत लेखात साधारणतः ०.८ ते १.४ लीटर क्षमतेचे पेट्रोल इंजिन असलेल्या लहान गाड्यांच्या ट्यूनिंगचा आणि त्याच्या उपयुक्ततेचा विचार केला आहे.

लहान गाडीचे ट्यूनिंग कितपत लाभदायक ठरते, हे प्रामुख्याने तिच्या इंजिनाला टर्बोचार्जर आहे की नाही यावर अवलंबून असते. टर्बोचार्जर नसलेल्या आधुनिक इंजिनात केवळ आज्ञावली बदलून मिळणारी वाढ सहसा काही टक्क्यांपुरती मर्यादित राहते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात वाढ ठळक असते. मात्र तिचा भार क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक आणि खुद्द इंजिन यांच्यावर पडतो. याखेरीज भारतात अशा बदलांना कायदा, विमा आणि उत्पादकाची हमी यांच्या मर्यादा आहेत.

संज्ञा

बोलीभाषेत 'ट्यूनिंग' हा शब्द दोन भिन्न अर्थांनी वापरला जातो. पहिला अर्थ 'ट्यून-अप', म्हणजे वापरामुळे खालावलेले इंजिन उत्पादकाने ठरवून दिलेल्या मूळ स्थितीत परत आणणे. स्पार्क प्लग बदलणे, झडपांमधील फट म्हणजे टॅपेट जुळवणे, ठिणगीची वेळ तपासणे, थ्रॉटल बॉडी स्वच्छ करणे ही कामे या प्रकारात मोडतात. दुसरा अर्थ मूळ स्थितीच्या पलीकडे जाऊन इंजिनाकडून अधिक काम करून घेणे हा आहे. पहिला प्रकार देखभालीचा असून त्यास कायद्याची आडकाठी नाही. दुसरा फेरबदलाचा आहे. एकाच नावामुळे या दोहोंची गल्लत होते. ट्यूनिंगनंतर गाडी 'एकदम हलकी' झाल्याचा अनुभव पुष्कळदा दुसऱ्या प्रकारामुळे नव्हे, तर त्याच वेळी झालेल्या पहिल्या प्रकारच्या कामामुळे आलेला असतो.

इतिहास

कार्ब्युरेटरचा काळ

लहान गाडीच्या यशस्वी ट्यूनिंगचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ब्रिटनमधील मिनी कूपर. ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली मिनी १९५९ मध्ये बाजारात आली. तिचे ८४८ घन सेंमी क्षमतेचे इंजिन ३४ अश्वशक्ती देत असे. शर्यतींच्या मोटारी बांधणारे जॉन कूपर यांच्या सहकार्याने १९६१ मध्ये निघालेल्या मिनी कूपरमध्ये इंजिनाची क्षमता ९९७ घन सेंमी करण्यात आली, दोन कार्ब्युरेटर बसवण्यात आले आणि शक्ती ५५ अश्वशक्तीपर्यंत नेण्यात आली. त्याच वेळी पुढील चाकांना डिस्क ब्रेक देण्यात आले. मिनी कूपरच्या अधिक शक्तिशाली 'एस' आवृत्तीने १९६४, १९६५ आणि १९६७ या वर्षी मॉन्टे कार्लो रॅली जिंकली. शक्ती वाढवताना थांबवण्याची क्षमताही वाढवावी लागते, हे तत्त्व या गाडीत आरंभापासूनच पाळलेले दिसते.

त्या काळातील इंजिनांत सुधारणेला भरपूर वाव होता. मूळ मिनीचे इंजिन प्रति लीटर क्षमतेमागे सुमारे ४० अश्वशक्ती देत असे. सिलिंडर हेड घासून संपीडन गुणोत्तर वाढवणे, हवेचे मार्ग रुंद व गुळगुळीत करणे, अधिक उचल देणारा कॅमशाफ्ट बसवणे आणि कार्ब्युरेटरचे जेट बदलणे या उपायांनी इंजिनाच्या शक्तीत मोठी वाढ करता येत असे.

इलेक्ट्रॉनिक नियंत्रण

बॉश या जर्मन कंपनीची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंधन-अंतःक्षेपण प्रणाली १९६७ मध्ये फोक्सवागनच्या गाडीत आली. इंधन आणि ठिणगी या दोहोंचे एकत्रित नियंत्रण करणारी मोट्रॉनिक ही प्रणाली १९७९ मध्ये बीएमडब्ल्यूच्या गाडीत वापरण्यात आली. पुढे इंजिनाचे नियंत्रण करणारा छोटा संगणक, म्हणजेच ईसीयू, सर्वच गाड्यांत आला आणि ट्यूनिंगचे साधन स्क्रू-ड्रायव्हरऐवजी लॅपटॉप झाले. ईसीयूमध्ये साठवलेल्या तक्त्यांना 'मॅप' म्हणतात. त्यांत बदल करण्याच्या क्रियेस 'रीमॅपिंग' असे म्हणतात.

जपानमध्ये सुझुकीने १९८७ मध्ये आणलेल्या ऑल्टो वर्क्स या छोट्या गाडीच्या ५४३ घन सेंमी क्षमतेच्या टर्बो इंजिनाने ६४ अश्वशक्ती दिली. त्यानंतर तेथील उत्पादकांनी 'केई' वर्गातील लहान गाड्यांसाठी ६४ अश्वशक्ती हीच कमाल मर्यादा परस्परसंमतीने मान्य केली.

भारतात

मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी ही गाडी १०८९ घन सेंमी क्षमतेच्या कार्ब्युरेटरयुक्त इंजिनावर चालत असे. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती अनेक दशके वापरात होती. अशा गाड्यांच्या ठिणगी-यंत्रणेतील कॉन्टॅक्ट पॉइंट झिजत असल्याने प्लग-पॉइंट साफ करणे, फीलर गेजने फट मोजणे आणि कार्ब्युरेटरचे मिश्रण जुळवणे ही कामे ठरावीक अंतराने करावीच लागत. 'ट्यूनिंग' हा शब्द गॅरेजमधून घरोघरी पोहोचला तो याच अर्थाने.

डिसेंबर १९८३ मध्ये दाखल झालेल्या मारुती ८०० या गाडीचे ७९६ घन सेंमी क्षमतेचे तीन सिलिंडरांचे इंजिन आरंभी कार्ब्युरेटरचेच होते. त्याच इंजिनावर आधारलेला 'फॉर्म्युला मारुती' हा शर्यतींचा वर्ग पुढे भारतात रूढ झाला. देशातील चार महानगरांत १९९५ पासून नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. २००० साली शिसेविरहित पेट्रोल देशभर लागू झाले. उत्सर्जन मानके कडक होत गेली तशी इंधन-अंतःक्षेपण प्रणाली सार्वत्रिक झाली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ ही मानके लागू आहेत.

शक्तीचे तत्त्व

पेट्रोल इंजिनाची शक्ती ते एका वेळेस किती हवा आत घेऊ शकते यावर ठरते. पेट्रोल अधिक सोडणे सोपे असते. परंतु ते जाळण्यासाठी लागणारी हवा मर्यादित असते. १ किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे १४.७ किलो हवा लागते. कमाल शक्ती मिळवण्यासाठी मिश्रण किंचित समृद्ध, म्हणजे सुमारे १२.५ ते १३ किलो हवेस १ किलो पेट्रोल, असे ठेवले जाते.

टॉर्क म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर. तो न्यूटन-मीटरमध्ये मोजतात. टॉर्कला फेऱ्यांच्या वेगाने गुणले असता शक्ती मिळते. न्यूटन-मीटरमधील टॉर्क आणि दर मिनिटास होणाऱ्या फेऱ्या यांच्या गुणाकारास ९५४९ ने भागल्यास शक्ती किलोवॉटमध्ये येते. उदाहरणार्थ, २०१८ च्या मारुती स्विफ्टचे ११९७ घन सेंमी इंजिन ४२०० फेऱ्यांना ११३ न्यूटन-मीटर इतका कमाल टॉर्क देत असे. म्हणजे त्या वेगाला सुमारे ५० किलोवॉट. त्याची कमाल शक्ती ८३ अश्वशक्ती, अर्थात सुमारे ६१ किलोवॉट, ही ६००० फेऱ्यांना मिळत असे.

यावरून शक्तिवाढीचे तीन मार्ग निघतात: प्रत्येक फेरीत अधिक हवा भरणे, फेऱ्यांचा वेग वाढवणे आणि भरलेल्या हवेतून अधिक कार्य मिळवणे. तिसऱ्या मार्गाने होणारा लाभ मर्यादित असतो. संपीडन गुणोत्तर १० वरून ११ केल्यास आदर्श चक्राची औष्णिक कार्यक्षमता ६०.२ टक्क्यांवरून ६१.७ टक्के होते, म्हणजे सापेक्ष वाढ अवघी अडीच टक्के असते. शिवाय संपीडन वाढले की ठिणगीनंतर उरलेले मिश्रण आपोआप पेट घेण्याचा, म्हणजे 'नॉकिंग'चा धोका वाढतो.

ट्यूनिंगचे प्रकार

लहान पेट्रोल गाड्यांत पुढील प्रकार आढळतात.

• रीमॅपिंग: ईसीयूमधील इंधन, ठिणगीची वेळ, थ्रॉटल आणि टर्बोचा दाब यांच्या तक्त्यांत बदल करणे.
• ट्यूनिंग बॉक्स: संवेदक आणि ईसीयू यांच्यामध्ये बसवलेले उपकरण. ते ईसीयूला बदललेली माहिती पुरवून त्याच्याकडून वेगळा निर्णय घडवून आणते.
• हवेचा मार्ग आणि एक्झॉस्ट: कमी अडथळ्याचा एअर फिल्टर, रुंद नळ्या, वेगळा सायलेन्सर.
• यांत्रिक बदल: कॅमशाफ्ट, पिस्टन, सिलिंडर हेड यांतील बदल. ही कामे इंजिन उघडून करावी लागतात आणि प्रामुख्याने शर्यतीच्या गाड्यांत केली जातात.
• टर्बोचार्जर नव्याने बसवणे: मूळ इंजिन त्या दाबासाठी घडवलेले नसल्याने पिस्टन, इंधनपुरवठा, शीतन आणि क्लच या सर्वांत बदल करावा लागतो.
• थ्रॉटल कंट्रोलर: पेडल दाबण्याचे प्रमाण आणि थ्रॉटल उघडण्याचे प्रमाण यांतील नाते बदलणारे उपकरण. यामुळे गाडी चपळ वाटते. मात्र पेडल पूर्ण दाबल्यावर मिळणाऱ्या शक्तीत कोणताही फरक पडत नाही.

गाडीच्या निदान-सॉकेटमध्ये खोचून मायलेज आणि शक्ती दोन्ही वाढवण्याचा दावा करणारी अत्यल्प किमतीची काही उपकरणेही विकली जातात. त्यांपैकी अनेकांत दिवे लुकलुकवण्यापलीकडे कोणतेही कार्य करणारे परिपथ नसतात.

टर्बोचार्जर नसलेले इंजिन

टर्बोचार्जर नसलेले इंजिन केवळ वातावरणाच्या दाबाने आत येणारी हवा वापरते. आधुनिक इंजिनांत प्रत्येक सिलिंडरला चार झडपा, झडपांची बदलती वेळ, उच्च संपीडन आणि संगणकीय ठिणगी या सोयी कारखान्यातूनच येतात. उपरोल्लेखित स्विफ्टचे इंजिन प्रति लीटर सुमारे ६९ अश्वशक्ती देते, तर १९६१ च्या मिनी कूपरचे ट्यून केलेले इंजिन सुमारे ५५ देत असे. पूर्वी ट्यूनिंग करणारे कारागीर जे साध्य करीत, त्याहून अधिक आज उत्पादकाने आधीच साध्य केलेले असते. म्हणूनच केवळ रीमॅपिंगने होणारी वाढ थोडी असते.

दुसरे कारण ईसीयूच्या कार्यपद्धतीत आहे. सावकाश व मध्यम वेगाने गाडी चालत असताना ईसीयू एक्झॉस्टमधील ऑक्सिजन संवेदकाच्या माहितीवरून मिश्रण सतत १४.७ च्या आसपास आणत राहतो. अशा वेळी तक्त्यात केलेला लहानसा बदल तो स्वतःच दुरुस्त करून टाकतो. रीमॅपिंगचा परिणाम प्रामुख्याने पेडल पूर्ण दाबलेले असतानाच दिसतो आणि रोजच्या वापरात पेडल क्वचितच पूर्ण दाबले जाते. कमी अडथळ्याच्या एअर फिल्टरचेही तसेच आहे: थ्रॉटल अर्धवट बंद असताना हवेला मुख्य अडथळा थ्रॉटलचाच असतो, फिल्टरचा नव्हे.

या वाढीचे प्रमाण लक्षात येण्यासाठी काही तुलना उपयोगी ठरतात. चालकासह सुमारे ९६५ किलो वजनाच्या गाडीच्या शक्तीत ५ टक्के वाढ झाली, तर गाडीत ४८ किलो अधिक सामान ठेवताच शक्ती आणि वजन यांचे गुणोत्तर पूर्ववत होते. हवेचे तापमान २५ अंश सेल्सिअसवरून ४५ अंशांवर गेल्यास तिची घनता सुमारे ६ टक्क्यांनी घटते. विदर्भातील उन्हाळ्यात ही स्थिती नेहमीची आहे. सुमारे १३५० मीटर उंचीवरील महाबळेश्वर येथे हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १५ टक्क्यांनी कमी असतो आणि टर्बो नसलेल्या इंजिनाची शक्ती जवळपास त्याच प्रमाणात उतरते. घाट चढताना गमावलेली शक्ती रीमॅपिंगने मिळवलेल्या शक्तीच्या कितीतरी पट असते.

घाटात किंवा पुढील वाहन ओलांडताना ताकद कमी पडते, ही ट्यूनिंगकडे वळणाऱ्यांची नेहमीची तक्रार असते. लहान गाडीच्या पाच गिअरांच्या गिअरबॉक्समध्ये तिसऱ्या गिअरवरून दुसऱ्यावर आल्यास, इंजिनाचा टॉर्क तितकाच धरला असता, चाकांवर पोहोचणारा टॉर्क सुमारे दीडपट होतो. इतकी वाढ या वर्गातील कोणत्याही रीमॅपिंगने होत नाही.

टर्बोचार्जर असलेले इंजिन

टर्बोचार्जर एक्झॉस्ट वायूंच्या जोरावर हवा दाबून सिलिंडरमध्ये भरतो. पुण्याजवळील चाकण येथे तयार झालेल्या फोक्सवागन पोलो या गाडीच्या २०२० मधील दोन आवृत्त्यांवरून टर्बोचा परिणाम स्पष्ट होतो. दोन्हींची क्षमता ९९९ घन सेंमी होती. टर्बो नसलेले इंजिन ७६ अश्वशक्ती आणि ९५ न्यूटन-मीटर देत असे. टर्बो असलेले ११० अश्वशक्ती आणि १७५ न्यूटन-मीटर.

टर्बो इंजिनात हवेचा दाब आज्ञावलीने ठरवला जात असल्याने तो वाढवणे शक्य असते. त्यामुळे केवळ रीमॅपिंगने सर्वसाधारणपणे १५ ते २५ टक्के वाढ मिळू शकते. उत्पादकही एकच इंजिन बाजारपेठेनुसार वेगवेगळ्या शक्तीने देतात. भारतात २०१७ मध्ये आलेल्या बलेनो आरएस या गाडीचे ९९८ घन सेंमी टर्बो इंजिन १०२ अश्वशक्ती आणि १५० न्यूटन-मीटर देत असे, तर त्याच इंजिनाचे युरोपीय रूप सुमारे १११ अश्वशक्ती आणि १७० न्यूटन-मीटर देत असे.

तथापि, उत्पादक राखून ठेवत असलेली ही क्षमता निरुपयोगी नसते. निकृष्ट पेट्रोल, कडक उन्हाळा, मळलेला एअर फिल्टर, पूर्ण भरलेली गाडी आणि अनेक वर्षांचा वापर या सर्वांना पुरून उरेल अशी ती गंगाजळी असते. रीमॅपिंग म्हणजे त्या गंगाजळीतून केलेली उचल होय. इंजिन नवे आणि इंधन चांगले असेतोवर तिचा परिणाम जाणवत नाही. प्रतिकूल गोष्टी एकत्र आल्या की जाणवतो.

थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या लहान टर्बो इंजिनांत कमी फेऱ्यांना अधिक टॉर्क मागितल्यास ठिणगीपूर्वीच ज्वलन सुरू होण्याचा विशेष धोका असतो. अशा एखाद-दुसऱ्या घटनेनेही पिस्टनला तडा जाऊ शकतो. कमी फेऱ्यांना एकदम वाढणारा टॉर्क चालकाला सुखद वाटतो. परंतु इंजिनाच्या दृष्टीने तीच सर्वाधिक ताणाची अवस्था असते.

इंधनाचा संबंध

नॉकिंगला विरोध करण्याची पेट्रोलची क्षमता ऑक्टेन अंकाने दर्शवतात. भारतात बीएस-६ मानकांनुसार साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन अंक ९१ ठरवण्यात आला. ९५ ते १०० ऑक्टेनची पेट्रोलेही निवडक पंपांवर अधिक किमतीस मिळतात. उच्च ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये अधिक ऊर्जा असते हा समज चुकीचा आहे. ज्या इंजिनाचा मॅप त्याचा उपयोग करून घेण्यासाठी आखलेला नाही, त्या इंजिनात अशा पेट्रोलचा विशेष लाभ होत नाही. उलट, उच्च ऑक्टेनसाठी रीमॅप केलेल्या गाडीत साधे पेट्रोल भरावे लागल्यास नॉकिंगचा धोका उद्भवतो. लांबच्या प्रवासात हवे ते पेट्रोल प्रत्येक गावी मिळेलच असे नसते.

२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक जास्त असला, तरी इथेनॉलची प्रति लीटर ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्याने अशा मिश्रणाच्या एका लीटरमध्ये सुमारे ६ ते ७ टक्के कमी ऊर्जा असते. इथेनॉलला जळण्यासाठी हवाही कमी लागते. त्यामुळे पूर्वीच्या पेट्रोलवर आखलेला मॅप नव्या मिश्रणावर पुन्हा तपासून घ्यावा लागतो.

परिणामांचे मोजमाप

इंजिनाची शक्ती मोजण्यासाठी डायनामोमीटर हे यंत्र वापरतात. उत्पादक जाहीर करतो ती शक्ती इंजिनाच्या दांड्यावर मोजलेली असते; गॅरेजमधील रोलर-डायनामोमीटर चाकांवरील शक्ती मोजतो. गिअरबॉक्स आणि इतर भागांतील घर्षणामुळे चाकांवरील शक्ती कमी भरते. हवेचे तापमान, टायरमधील हवा, पट्ट्यांचा ताण आणि इंजिनाची उष्णता यांच्यामुळे एकाच गाडीच्या दोन मोजण्यांत काही टक्क्यांचा फरक पडू शकतो. टर्बो नसलेल्या इंजिनात अपेक्षित वाढही तितकीच असल्याने एकाच मोजणीवरून यशापयशाचा निष्कर्ष काढता येत नाही. बदलापूर्वी आणि बदलानंतर, त्याच यंत्रावर, त्याच दिवशी आणि अनेकदा केलेली मोजणीच ग्राह्य धरता येते.

चालकाचा अनुभव हे विश्वसनीय मोजमाप नाही. अधिक आवाज करणारा सायलेन्सर आणि पेडलचा तीव्र प्रतिसाद यांमुळे शक्ती न वाढताही वेग वाढल्याचा भास होतो. ठरावीक दोन वेगांमध्ये, त्याच रस्त्यावर आणि दोन्ही दिशांनी घेतलेली वेळेची नोंद हा त्यामानाने सोपा व भरवशाचा मार्ग आहे. तथापि तो सार्वजनिक रस्त्याऐवजी बंदिस्त जागेतच अवलंबणे सुरक्षित असते.

खर्च आणि इंधनबचत

ट्यूनिंगने इंधन वाचते असा दावा वारंवार केला जातो. सावकाश वेगात मिश्रण ऑक्सिजन संवेदकाच्या नियंत्रणात असते आणि ठिणगीची वेळही उत्पादकाने इष्टतम ठेवलेली असते. त्यामुळे बचतीला फारसा वाव उरत नाही.

बचत झाली असे गृहीत धरले तरी हिशेब पुढीलप्रमाणे येतो. समजा, गाडी वर्षाला १०,००० किमी चालते आणि लीटरला १६ किमी जाते. तर वार्षिक पेट्रोल ६२५ लीटर लागते. मायलेज ३ टक्क्यांनी सुधारल्यास सुमारे १८ लीटर पेट्रोल वाचते. दर लीटरला १०० रुपये धरल्यास ही बचत वर्षाला सुमारे १,८०० रुपये होते. ट्यूनिंगचा खर्च २०,००० रुपये धरल्यास तो वसूल होण्यास ११ वर्षे लागतात. उच्च ऑक्टेनचे महाग पेट्रोल वापरावे लागल्यास बचतीऐवजी खर्चच वाढतो. म्हणून पैसे वाचवणे हा लहान गाडीच्या ट्यूनिंगचा समर्थनीय हेतू ठरत नाही.

गाडीच्या इतर भागांवरील परिणाम

उत्पादक जेव्हा स्वतः लहान गाडीची अधिक शक्तिशाली आवृत्ती काढतो, तेव्हा केवळ इंजिन बदलून थांबत नाही. बलेनो आरएसला चारही चाकांना डिस्क ब्रेक देण्यात आले होते. टाटा टियागोच्या २०१८ मधील जेटीपी आवृत्तीत टर्बो इंजिनासोबत सस्पेन्शन, टायर आणि गिअरांची गुणोत्तरेही बदलण्यात आली होती. पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार झालेल्या आणि २०१५ मध्ये आलेल्या १४५ अश्वशक्तीच्या अबार्थ पुंटोलाही चारही चाकांना डिस्क ब्रेक होते.

गॅरेजमध्ये केलेल्या रीमॅपिंगनंतर इंजिनाव्यतिरिक्त सर्व भाग पूर्वीचेच राहतात. वाढीव टॉर्कमुळे क्लच घसरू लागतो, गिअरबॉक्स ठरवून दिलेल्या मर्यादेच्या जवळ किंवा पलीकडे जातो आणि वाढलेला वेग आवरण्याचे काम मूळ ब्रेकांवर पडते. गाडीची गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी ८० किमीऐवजी १०० किमी वेग असल्यास ब्रेकांना सुमारे ५६ टक्के अधिक ऊर्जा शोषावी लागते. घाटाच्या उतारावर ही बाब विशेष महत्त्वाची ठरते.

भारतातील कायदेशीर स्थिती

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा भिन्न ठरतील असे बदल वाहनात करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच तरतुदीचा अर्थ स्पष्ट करून उत्पादकाच्या मूळ तपशिलाचे महत्त्व अधोरेखित केले. सीएनजीसारख्या इंधनासाठी मान्यताप्राप्त संच बसवणे आणि त्याची नोंद प्रमाणपत्रात करून घेणे यास मात्र कायद्यात वाव आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ च्या चौथ्या पोटकलमानुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या वाहनमालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९० च्या दुसऱ्या पोटकलमानुसार पहिल्या गुन्ह्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकणे आणि कर्णकर्कश सायलेन्सर बसवणे या बाबी यात मोडतात. कन्व्हर्टर काढल्याने कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि न जळलेले हायड्रोकार्बन प्रक्रियेविना हवेत जातात. शहरी वस्तीत त्याचा त्रास गाडीमालकाखेरीज इतरांनाही सोसावा लागतो.

ट्यूनिंगमुळे बिघाड झाल्याचे आढळल्यास उत्पादक हमीअंतर्गत दुरुस्ती नाकारू शकतो. अनेक आधुनिक ईसीयूंत आज्ञावली बदलल्याची खूण राहते. मूळ आज्ञावली परत भरली तरी ती पुसली जाईलच असे नाही. विमा कंपनीस न कळवता केलेला फेरबदल दाव्याच्या वेळी वादाचे कारण होऊ शकतो.

पर्याय: देखभाल

वापरातील गाडीची ताकद कमी झाल्यास ट्यूनिंगपूर्वी तिची मूळ ताकद शाबूत आहे की नाही हे पाहणे आवश्यक असते. त्यासाठी पुढील तपासण्या उपयुक्त ठरतात: सर्व सिलिंडरांचा संपीडन दाब, स्पार्क प्लग आणि इग्निशन कॉइल, एअर फिल्टर व थ्रॉटल बॉडी, ऑक्सिजन संवेदक, इंधनपंपाचा दाब, चाकाला घासणारे ब्रेक, क्लचची घसरण, टायरमधील हवा आणि निदान-यंत्रावर दिसणारे दोषांक. थेट इंधन-अंतःक्षेपणाच्या इंजिनात आत येणाऱ्या हवेच्या झडपांवर काजळी साचते. तीही तपासावी लागते. इंधन-अंतःक्षेपणाच्या गाडीत मळलेल्या एअर फिल्टरचा परिणाम मायलेजपेक्षा वेग पकडण्याच्या क्षमतेवर अधिक दिसतो.

चार सिलिंडरांपैकी एकाचाही दाब उतरला किंवा एखादी कॉइल अधूनमधून बंद पडू लागली, तर होणारी घट टर्बो नसलेल्या इंजिनाच्या रीमॅपिंगमधून मिळणाऱ्या वाढीपेक्षा मोठी असते. अशा इंजिनावर केलेले रीमॅपिंग मूळ दोष झाकते आणि त्यावरील ताणात भर घालते.

उपयुक्तता

उपरोक्त बाबी लक्षात घेता लहान पेट्रोल गाडीच्या ट्यूनिंगची उपयुक्तता हेतूनुसार बदलते. मान्यताप्राप्त शर्यती किंवा रॅलीसाठी ट्यूनिंग आवश्यक आणि समर्थनीय असते. तेथे गाडीचे ब्रेक, टायर आणि सुरक्षा-पिंजरा यांचीही नियमानुसार तयारी केली जाते आणि इंजिन अल्पायुषी असणे गृहीत धरलेले असते. दैनंदिन वापराच्या टर्बो नसलेल्या गाडीत खर्चाच्या मानाने लाभ नगण्य असतो. तोच पैसा चांगले टायर, ब्रेकची दुरुस्ती आणि वेळेवर केलेली देखभाल यांवर खर्च केल्यास गाडीच्या वर्तनात अधिक ठळक सुधारणा होते. टर्बो गाडीत लाभ प्रत्यक्ष असतो. परंतु हमी, विमा, कायदा आणि भागांचे आयुष्य ही त्याची किंमत ठरते. अधिक शक्तीची गरज कायमस्वरूपी असल्यास उत्पादकानेच त्या शक्तीसाठी घडवलेली गाडी घेणे हा सामान्यतः अधिक सुरक्षित आणि दीर्घकाळात स्वस्त पर्याय ठरतो.

हेही पहा

• अंतर्ज्वलन इंजिन
• टर्बोचार्जर
• ऑक्टेन अंक
• कॅटॅलिटिक कन्व्हर्टर
• मारुती ८००
• प्रीमियर पद्मिनी